रिसीव्हरचं एकच बटण, पण चित्र आणि आवाजाच्या वाटा वेगळ्या

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये ६५ इंची ४के टीव्ही आहे, त्याला नवा ७.२ रिसीव्हर घेतला, म्हणजे सगळी उपकरणं जिला जोडतात आणि जी चित्र टीव्हीला व आवाज सात स्पीकर-दोन सबवूफरना देते ती पेटी. लावून द्यायला आलेल्या मुलाने डीटीएचचा बॉक्स, तुमच्या मुलाचा पीएस५ (गेम कन्सोल) आणि ओटीटीची फायर स्टिक रिसीव्हरला जोडली आणि तो गेला. आता डीटीएचवर चित्र येतं पण आवाज नाही. पीएस५ चं चित्र खेळता खेळता दोन-तीन सेकंद काळं होतं आणि परत येतं. सासऱ्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर तुम्ही स्वतः लावला, कारण घरच्या लग्नांच्या डिस्क त्यावरच चालतात. त्याचा आवाज येतो, चित्र नाही. आणि शेवटी विचारलंत की रिसीव्हर बदलून घ्यावा का.

बदलू नका. जे तुम्ही लिहिलंत त्यात रिसीव्हर बिघडल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. तिन्ही तक्रारी एकाच पेटीतून येतात म्हणून एकाच रोगाच्या वाटतात, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डीटीएचची तक्रार नेमणुकीची आहे, डीव्हीडीची जुन्या आणि नव्या सिग्नलच्या फरकाची, आणि पीएस५ ची बहुतेक वायरची किंवा फॉरमॅटच्या सेटिंगची. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतील.

आधी मूळ मुद्दा, कारण तो कळला की निम्मं काम तुमचं तुम्हीच कराल. रिमोटवर किंवा पुढच्या पट्टीवर 'केबल/सॅट', 'ब्लू-रे', 'गेम', 'डीव्हीडी' अशी बटणं असतात. ही बटणं म्हणजे दारावरच्या पाट्या. आत कोण राहतो ते मेनूत ठरतं. कंपनीतून येताना काही नेमणुका केलेल्या असतात, आणि पाठीमागच्या सॉकेटवर तीच नावं छापलेली असतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की नाव आणि सॉकेट एकच. तसं नाही. एका नावाला चित्रासाठी एक सॉकेट नेमता येतं आणि आवाजासाठी दुसरंच. डेनॉन आणि मरांट्झमध्ये याचा तक्ता 'इनपुट असाइन' या पानावर सापडतो: डावीकडे नावं, आणि पुढे एचडीएमआय, डिजिटल, अ‍ॅनालॉग, कंपोनंट, व्हिडिओ असे रकाने. ओंक्योमध्येही जवळपास असाच तक्ता आहे. यामाहात बटणांची नावंच 'एचडीएमआय १', 'एव्ही १' अशी सॉकेटवरून असतात, पण तिथेही 'ऑडिओ इन' नावाच्या पर्यायाने एका सॉकेटचं चित्र आणि दुसऱ्याचा आवाज अशी जोडी लावता येते.

म्हणून मी कोणाच्याही घरी गेलो की पहिल्यांदा कागद मागतो. रिमोटला हात नंतर. कागदावर प्रत्येक उपकरणापुढे लिहायचं: चित्र कोणत्या वायरने, कोणत्या सॉकेटात, आवाज कोणत्या वायरने, कोणत्या सॉकेटात. टॉर्च घेऊन पाठीमागे बघून लिहा, आठवणीतून लिहू नका. मग मेनूतला तक्ता उघडून कागदाशी ताडा. जिथे जुळत नाही, तिथे तुमची तक्रार बसलेली असते. या ताडण्यात फार तर अर्धा तास जातो, आणि त्यानंतर दुकानदाराशी बोलायचं झालं तरी तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आता डीटीएच. चित्र आहे म्हणजे एचडीएमआय वायर ठीक आहे आणि चित्राची नेमणूकही ठीक आहे. आवाज त्याच वायरने येतो, पण रिसीव्हर तो दुसरीकडे शोधतोय अशी माझी अटकळ आहे. 'इनपुट मोड' नावाचं सेटिंग शोधा. त्यात ऑटो, एचडीएमआय, डिजिटल, अ‍ॅनालॉग असे पर्याय असतात. ऑटोवर असलं तर रिसीव्हर आधी एचडीएमआय, मग डिजिटल, मग अ‍ॅनालॉग असा शोध घेतो. कोणी तरी ते 'डिजिटल'वर टाकलं असेल तर तो ऑप्टिकल सॉकेटकडे कान लावून बसतो, जिथे तुम्ही काही लावलेलंच नाही. ऑटोवर आणा. जुन्या बॉक्सचा आवाज ऑप्टिकल वायरने घेण्याची पद्धत होती, ती सवय हाताला राहिलेली असते.

तरीही आवाज आला नाही तर दोन जागा बघा. एक, रिसीव्हरमध्ये 'एचडीएमआय ऑडिओ आउट' हे 'एव्हीआर'वर आहे की 'टीव्ही'वर. 'टीव्ही'वर असलं तर आवाज रिसीव्हर न वाजवता पुढे ढकलतो. टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवलेला असेल तर कुठेच काही ऐकू येत नाही. मात्र तसं असेल तर पीएस५ चाही आवाज येणार नाही, त्यामुळे हे कारण तुमच्याकडे कमी संभवतं. दुसरं, बॉक्सच्या स्वतःच्या मेनूतलं ऑडिओ आउटपुट. पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर, असलं तर फक्त स्टिरिओ मिळतो. डॉल्बी डिजिटलवर केलं तर ज्या वाहिन्या तसा आवाज देतात त्यांचा ५.१ मिळतो. आवाज अजिबात नसणं आणि फक्त दोन स्पीकरमधून येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

डीटीएचच्या चित्राबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढे तुम्ही विचारालच. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या साधारणपणे १०८०आय, ५० हर्ट्झमध्ये (१०८० ओळी, चित्र सेकंदाला ५० वेळा ताजं) येतात. ते ४के पर्यंत बॉक्सही वाढवू शकतो, रिसीव्हरही, टीव्हीही. तिघांपैकी एकालाच ते काम द्या. माझं मत, टीव्हीला द्या: आजच्या बऱ्या टीव्हीचा प्रोसेसर हे काम रिसीव्हरपेक्षा चांगलं करतो. रिसीव्हरमधलं 'व्हिडिओ कन्व्हर्जन' किंवा 'स्केलर' एचडीएमआय इनपुटसाठी बंद ठेवा, म्हणजे चित्र जसं आलं तसं पुढे जाईल.

डीव्हीडी प्लेअरचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे दुकानातली मुलंही अडखळतात. तुमच्या प्लेअरला बहुधा पिवळी, लाल, पांढरी अशी तीन सॉकेट आहेत. लाल-पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. लाल-पांढरी रिसीव्हरला लावलीत, आवाज आला. पिवळीही लावलीत, पण चित्र टीव्हीपर्यंत पोचत नाही. कारण टीव्हीला रिसीव्हरकडून एकच वायर जाते, एचडीएमआयची. पिवळ्या वायरचं चित्र अ‍ॅनालॉग असतं. ते एचडीएमआयमधून बाहेर पडायचं तर रिसीव्हरने आत त्याचं रूपांतर करायला हवं. काही मॉडेल ते करतात, काही, विशेषतः स्वस्त मालिकांतली, करत नाहीत. ती पिवळ्याचं पिवळ्यालाच देतात. मॅन्युअलमध्ये यासाठी एक आडवा-उभा तक्ता असतो, कोणतं इनपुट कोणत्या आउटपुटला पोचतं याचा. तो शोधा. (उलटा प्रवास, म्हणजे एचडीएमआयने आलेलं चित्र पिवळ्या आउटपुटला, जवळजवळ कोणताच रिसीव्हर करत नाही. मागच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर डीटीएच बघायची सोय म्हणून कोणी सुचवलं तर नाही म्हणा.)

तुमचा रिसीव्हर रूपांतर करत असेल तर दोनच कामं. 'इनपुट असाइन'मध्ये 'डीव्हीडी'च्या ओळीत व्हिडिओच्या रकान्यात तेच सॉकेट नेमा ज्यात पिवळी वायर आहे, आणि एचडीएमआयचा रकाना रिकामा करा; नाहीतर काही रिसीव्हर एचडीएमआयलाच मान देतात आणि पडदा काळा राहतो. मग 'व्हिडिओ कन्व्हर्जन' चालू करा. हो, वर बंद ठेवा म्हटलं ते एचडीएमआय इनपुटसाठी. बऱ्याच मॉडेलमध्ये हे प्रत्येक इनपुटला वेगळं ठरवता येतं.

रूपांतर करत नसेल तर पिवळी वायर सरळ टीव्हीला लावा आणि लाल-पांढरी रिसीव्हरलाच राहू द्या. टीव्हीवर एव्ही इनपुट निवडायचं, रिसीव्हरवर डीव्हीडी. दोन रिमोट हातात घ्यावे लागतात, पण चालतं. नव्या टीव्हीवर पिवळं सॉकेट कधी कंपोनंटच्या (चित्राच्या हिरव्या-निळ्या-लाल सॉकेटांच्या) हिरव्याशी एकत्र असतं, कधी हेडफोनच्या पिनसारखं बारीक भोक असतं आणि त्याची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते. हिरव्या सॉकेटात पिवळी वायर घालून चित्र काळं-पांढरं आलं तर घाबरू नका. टीव्ही ते कंपोनंट समजतोय, इनपुटच्या यादीतून 'एव्ही' निवडा.

आणि टीव्हीलाही तशी जागा नसेल तर आपल्या नागपूरच्या सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत एव्ही ते एचडीएमआय अशी छोटी डबी मिळते. घेताना दिशा बघून घ्या. एचडीएमआय ते एव्ही अशी अगदी तशीच दिसणारी डबी शेजारीच ठेवलेली असते, आणि चुकीची आली तर काहीही केलं तरी चालणार नाही. ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, तिला स्वतःचा चार्जर द्या. पाल आणि एनटीएससी (जुन्या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, आपल्याकडची पाल) असा खटका असेल तर पालवर ठेवा. चित्र डीव्हीडीचंच राहणार, ५७६ ओळींचं. ६५ इंचांवर ते मऊ दिसणार. त्यावर महाग डबी हा उपाय नाही. खरं तर लग्नांच्या डिस्क असतील तर त्या लवकर संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा थर वर्षागणिक खराब होतो, आणि तुम्ही प्लेअर जोडण्यात जो वेळ घालवाल तो तिथे जास्त कारणी लागेल.

प्लेअरला हिरवं-निळं-लाल असंही सॉकेट असेल तर ते कंपोनंट. चित्र पिवळ्यापेक्षा बरं येतं. फक्त त्यात लाल रंग दोनदा येतो, एक चित्राचा, एक आवाजाचा. अदलाबदल झाली की रंग बिघडतात आणि उजव्या स्पीकरमधून गुरगुर येते. काही प्लेअरमध्ये 'प्रोग्रेसिव्ह' चालू केलं की पिवळ्या सॉकेटवरचं चित्र बंद होतं, हेही एकदा तपासा.

आता पीएस५. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात.

चित्र दोन-तीन सेकंद जाऊन परत येणं म्हणजे दोन उपकरणांमधली जोडणी तुटून पुन्हा जुळते आहे. एचडीएमआयमध्ये चित्र सुरू होण्याआधी टीव्ही आपल्याला काय काय जमतं ते रिसीव्हरला सांगतो, रिसीव्हर ते पीएस५ ला सांगतो, आणि मध्ये नक्कलविरोधी कुलपाची, एचडीसीपीची, देवाणघेवाण होते. ४के सिनेमे आणि ओटीटीसाठी एचडीसीपी २.२ साखळीतल्या प्रत्येक कडीला लागतं. कुठेही डेटा अपुरा पोचला की ही साखळी नव्याने सुरू होते. लक्षणांवरून थोडं ओळखता येतं: चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या तर आधी वायरवर संशय घ्या, ठरावीक अंतराने पूर्ण काळं होत असेल तर वायर किंवा फॉरमॅट, पडदा गुलाबी किंवा हिरवा झाला तर रंगाच्या स्वरूपाची तडजोड फसली आहे.

हिशेब असा. एचडीएमआय २.०, जे २०१३ साली आलं, सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेतं. ४के, ६० हर्ट्झ, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) एवढं त्यात बसतं. २०१७ च्या २.१ ची कमाल ४८ आहे, पण रिसीव्हरच्या सॉकेटवर ती पूर्ण असेलच असं नाही. ४० किंवा २४ गिगाबिटचे सॉकेटही असतात. पीएस५ स्वतः ३२ पर्यंतच जातो. त्यामुळे ४० च्या सॉकेटवर पीएस५ ला काही कमी पडत नाही, जाहिरातीतल्या आकड्यांनी अस्वस्थ होऊ नका. पण पाठीमागे नीट बघा: अनेक रिसीव्हरमध्ये सात सॉकेटपैकी एक किंवा तीनच ८के लिहिलेली असतात. पीएस५ त्यातल्याच एकात हवा. लावणाऱ्याने 'गेम' असं छापलेलं बघून वायर घातली असेल, आणि ते सॉकेट १८ चंच असेल, असं होऊ शकतं.

मग फॉरमॅटचं सेटिंग, म्हणजे सॉकेटने किती मोठा सिग्नल घ्यायचा ते. डेनॉन-मरांट्झ आणि ओंक्योमध्ये '४के/८के सिग्नल फॉरमॅट', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट', अशी नावं आहेत. स्टँडर्ड, एन्हान्स्ड, आणि पुढे ८के एन्हान्स्ड अशा पायऱ्या असतात. टीव्हीलाही हेच स्वतंत्रपणे सांगावं लागतं, आणि ज्या सॉकेटात रिसीव्हरची वायर आहे त्याच सॉकेटसाठी: सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर'. टीव्हीवर बंद आणि रिसीव्हरवर एन्हान्स्ड असेल तर पीएस५ एचडीआर दाखवणार नाही. दोन्हीकडे चालू आणि मधली वायर जुनी असेल तर तुमच्यासारखं मधूनमधून काळं होईल. आणि सगळीकडे सगळ्यात वरची पायरी लावून ठेवणंही बरं नाही. काही जुने डीटीएच बॉक्स एन्हान्स्डवर चित्रच देत नाहीत. काही कंपन्या हे सेटिंग प्रत्येक सॉकेटला वेगळं देतात, काही सगळ्यांना मिळून एकच. वेगळं मिळत असेल तर डीटीएचला स्टँडर्ड, पीएस५ आणि स्टिकला एन्हान्स्ड.

वायर तपासायची सोपी रीत: पीएस५ तीच वायर घेऊन सरळ टीव्हीला लावा आणि तासभर मुलाला खेळू द्या. काळं झालं नाही तर ती वायर आणि पीएस५ सुटले. संशय रिसीव्हर ते टीव्ही या वायरवर किंवा रिसीव्हरच्या सेटिंगवर येतो. फ्लॅटमध्ये भिंतीतल्या पाइपातून ओढलेली वायर बहुतेक बांधकामाच्या वेळची असते, आणि तिच्यावर १०८०पीचाच विचार केलेला असतो. १८ गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि ४८ साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी प्रमाणित वायर येते, खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. सोन्याचा मुलामा, जाड वेणी यांचे पैसे देऊ नका. तांब्याची वायर तीन मीटरच्या आत ठेवता आली तर उत्तम. अंतर मोठं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं, आणि पाइपातून उलटी ओढली गेली तर सगळं परत काढावं लागतं.

तुमचा रिसीव्हर १८ गिगाबिटचाच निघाला, टीव्ही १२० हर्ट्झचा आहे आणि मुलाला १२० हवंच आहे, असं असेल तर पीएस५ सरळ टीव्हीला लावा आणि आवाज ईएआरसीने, म्हणजे टीव्हीकडून त्याच एचडीएमआय वायरने उलट येणाऱ्या वाटेने, रिसीव्हरला आणा. साधं एआरसी दाबलेला डॉल्बी आणतं. ईएआरसी पूर्ण मल्टिचॅनल पीसीएम आणतं, जे पीएस५ ला लागतं. रिसीव्हरला दोन एचडीएमआय आउट असले तर एआरसी लिहिलेलंच वापरा, आणि टीव्हीवरही एआरसी लिहिलेलं सॉकेट. अडचण एकच: बऱ्याच टीव्हींमध्ये १२० हर्ट्झची दोनच सॉकेट असतात आणि त्यातलंच एक ईएआरसीचं असतं. एकच गेम कन्सोल असेल तर भागतं. टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटला 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा, पीसीएमवर ठेवलं तर दोनच स्पीकर वाजतील. पीएस५ मध्येही साउंड, ऑडिओ आउटपुट इथे जाऊन उपकरणाचा प्रकार 'एव्ही अ‍ॅम्प्लिफायर' निवडा, मग चॅनलची संख्या.

इथवर ज्या क्रमाने करायचं तो असा: कागद, मग टीव्हीच्या सॉकेटचं सेटिंग, मग रिसीव्हरची नेमणूक आणि फॉरमॅट, आणि उपकरणाचं स्वतःचं सेटिंग सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल. बदल केला की तिन्ही बंद करून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग उपकरण असं चालू करा.

फायर स्टिकबद्दल तक्रार नाही म्हणालात, तरी दोन गोष्टी. तिला टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता तिच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवा, आणि रिसीव्हरच्या गरम पाठीला न चिकटवता सोबतच्या छोट्या जोडवायरने जरा बाहेर ठेवा. वाय-फायही बरं मिळतं. ४के स्टिक असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) जुळवण्याचा पर्याय चालू करा. आपल्याकडचं क्रिकेट ५० हर्ट्झचं, स्टिक ६० वर. मग जामठ्याच्या स्टेडियमवरच्या मॅचमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावला की चित्र अडखळतं, आणि दोष रिसीव्हरला लागतो.

वायरी काढताना-घालताना सगळ्यांचे प्लग बोर्डातून काढा, आणि छतावरच्या डिशची वायर बॉक्सपासून सोडवा. आपल्याकडे अनेक घरांत अर्थिंग कच्चं असतं. चालू उपकरणांत एचडीएमआय खुपसल्याने जळालेली सॉकेट मी पुष्कळ बदलून दिली आहेत. मृगाच्या विजा सुरू झाल्या की डिशची वायर हीच आत येण्याची वाट असते. आणि मे महिन्यात ४५ अंशांत रिसीव्हर काचेच्या दाराच्या कपाटात कोंडू नका. वर निदान चार बोटं मोकळी जागा हवी, आणि कूलरचा झोत थेट त्याच्यावर नको, ओलसर हवेने मागची सॉकेट हिरवी पडतात.

रिसीव्हर आणि टीव्हीचा मॉडेल नंबर, आणि दोन्हींच्या पाठीचा एकेक फोटो टाकलात तर कोणतं सॉकेट कशाला ते मी नाव घेऊन सांगू शकेन. डीव्हीडी प्लेअरच्या पाठीचाही टाका, त्यावर एचडीएमआय असेल आणि लक्षात आलं नसेल तर वरचा निम्मा मजकूर तुम्हाला लागणारच नाही.